वहीतले वजा तीस

मी बीपीचा डबा बोलतोय. हौस म्हणून नाही. सहा वर्षं कपाटात चिंध्यांखाली पडलोय, तेव्हा कुत्र्यानंही विचारलं नाही. आता म्हणे तोंड उघड. ऐका मग.

लोखंडी अंग, काचेची नळी, नळीत पारा. शाळा मी पाहिली नाही. आकडे तेवढे येतात, पण खरे येतात.

एका शिंप्याच्या घरी आलो. त्याचं वय अडतीस. रोज सकाळी बायको त्याच्या दंडाला पट्टा बांधायची, फुगा दाबायची.

"एकशे सत्तर."

"वहीत एकशे चाळीस लिही," शिंपी म्हणायचा.

"अहो, पण पारा..."

"जुना डबा आहे तो! कापडाची दोन बोटं शिलाईत जातातच ना? तसे याचे तीस जाऊ दे."

दवाखान्यातही एकशे सत्तरच यायचे. पण डॉक्टरबाई वही बघून म्हणायच्या, "इथं येऊन घाबरता तुम्ही. घरी ठीक आहे." दोन वर्षं त्याच तीन गोळ्या.

मग शिंप्याच्या पायांत गोळे यायला लागले. एका सकाळी कात्री हातातून गळाली. बायकोनं मला पिशवीत घातलं आणि दवाखाना गाठला.

"बाई, वही खोटी आहे. हा डबा खरा."

बाईंचा डबा आणि मी, दोघांना शेजारी मांडलं, दोघांनी शिंप्याचं बीपी मोजलं. आकडा एकच.

"चुकलं माझं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढ्या कमी वयात, तीन गोळ्यांवरही इतकं बीपी! हार्मोन तेव्हाच तपासायला हवे होते."

सकाळी रक्त घेतलं. रिपोर्ट बायकोनं घरी वाचला, तेव्हा मी टेबलावरच होतो. पोटॅशियम कमी, पायांतले गोळे त्याचेच. अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन भरमसाट, ते सोडायचा हुकूम देणारं रेनिन जवळजवळ नाहीच. पुढं स्कॅनच्या फोटोत मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ दिसली, शर्टाच्या बटणाएवढी; ते हार्मोन तीच ओतत होती. शिंप्यानं खिशावरचं बटण चाचपलं.

ऑपरेशन झालं. पारा एकशे वीसवर आला. वाटलं, आता तरी पाठीवर थाप पडेल. तर घरात बॅटरीचं मशीन आलं. नळी फुटून पारा सांडला तर विष, म्हणाले. खरं आहे ते. बायकोनं मला पुसलं, पट्टा गुंडाळला, झाकण लावलं.

रोज सकाळी नव्याची पिपाणी ऐकू येते. शिंपी आकडा मोठ्यानं वाचतो, त्यातून एकही वजा करत नाही. माझा पट्टा कडक झालाय. दंड धरल्याला किती दिवस झाले!

तुमचं बीपी गोळ्यांना दाद देत नसेल, तर खरा आकडा लिहा आणि डॉक्टरला हार्मोनचं विचारा. डब्याला शिव्या देऊ नका.

डॉक्टरबाई चुकलं म्हणाल्या. बायकोकडं माझं काही येणं नाही. चुकलं म्हणायचा बाकी आहे तो एकटा शिंपी.