गच्चीवरचे पाच अंश

अम्मानमध्ये बर्फाचा अंदाज आला की आधी बेकऱ्यांतल्या रोट्या संपतात, मग अंदाज बदलतो. किलोकिलोने नेलेल्या त्या रोट्या माणसं पुढचा आठवडाभर स्वच्छ उन्हात बसून खातात आणि अंदाज सांगणाऱ्याला शिव्या देतात. औषधांचं दुकान चालवणाऱ्या अबू कुसैंनी अशा शिव्यांवर सहा हिवाळे काढले आहेत. 'शुभ्र पाहुणा' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचे ते प्रमुख. जरा वारा सुटला की त्यांना सैबेरिया दिसतो. गटात आम्ही दोनशे जण आहोत. एकशे नव्याण्णव जणांना बर्फ हवा असतो. मला काय हवं असतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

मी निवृत्त ग्रंथपाल. गच्चीवर एक पांढरी लाकडी पेटी आहे, तिच्यातल्या तापमापकाचा आकडा एकतीस वर्षं रोज वहीत उतरवतो. कुणी काही विचारलंच तर "होईलही, नाहीही" म्हणतो. त्यामुळे माझा अंदाज कधी चुकला नाही. हळूहळू लोकांनी विचारायचंही सोडलं.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे अबू हातिम जिना चढून आले, तेव्हा मी घाबरलोच.

"उस्ताद वदीअ, उद्या बर्फ पडणार का? सरळ सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रुदैनाला मागणी घालायला जाहा यायचा होता, म्हणजे मुलाकडच्या चाळीस पुरुषांचा मानाचा जथा. मुलगा याझन रविवारी नोकरीसाठी कॅनडाला निघणार होता. उद्या नाही तर एकदम पुढच्या वर्षी. आणि अबू कुसैंनी तर वीतभर बर्फ जाहीर करून टाकला होता.

"मुलाचे वडील म्हणतात, या की नको ते तुम्हीच कळवा," अबू हातिम म्हणाले. "पुढच्या वर्षी म्हणे! परदेशी गेलेला मुलगा वर्षभर माझ्या मुलीचा फोटो बघत बसणार होय?"

त्यांच्या मागे पायरीवर रुदैना उभी होती. "काका," ती म्हणाली, "आज एक दिवस तरी 'होईलही, नाहीही' म्हणू नका."

मी चष्मा पुसून गच्चीवर गेलो. पारा पाच अंशांवर. गटात बाकीचे सगळे एक अंश, दीड अंश लिहीत होते. मला हसू आलं. त्यांच्यातल्या कुणाचा तापमापक मोटारीत असतो, कुणाचा ओल्या भिंतीला टेकवलेला. एकतीस वर्षांच्या वह्या माझ्या बाजूने होत्या. पाच अंशांवर आमच्या टेकडीवर कधीही बर्फ पडलेला नाही.

खाली येऊन मी आयुष्यात पहिल्यांदा ठामपणे बोललो. "पाऊस पडेल. बर्फ नाही. त्यांना येऊ द्या."

मग त्याच भरात गटातही लिहिलं. अबू कुसैंचं उत्तर लगेच आलं: "उस्ताद, इतक्या वर्षांनी तोंड उघडलंत, ते हे सांगायला?"

शुक्रवारी अकरा वाजता बर्फ सुरू झाला. दोन वाजेपर्यंत वीतभर साचला. अबू कुसैंची ती वीत अगदी मोजून भरली.

मी गच्चीवर धावलो. टाक्या, तारा, दोऱ्या, सगळं पांढरं. फक्त माझ्या पेटीभोवती परातीएवढं काळं ओलं वर्तुळ. शेजारीच अबू हातिमांच्या घर तापवायच्या बंबाचं धुराडं. डिझेल महागल्यापासून अकरा वर्षं ते थंड होतं; पेटी मी त्यानंतरच तिथे सरकवली होती. मी तर त्याला विसरूनच गेलो होतो. पाहुण्यांना गारठा लागू नये म्हणून अबू हातिमांनी गुरुवारी दुपारपासून बंब पेटवून घर तापवत ठेवलं होतं. माझ्या पेटीने अम्मानचं नव्हे, त्यांच्या पाहुणचाराचं तापमान मोजलं होतं.

हे कुणाला सांगणार? मी खाली गेलो आणि दिवाणखान्याच्या दाराआड उभा राहिलो.

गाड्या चढाच्या पायथ्याशीच अडकल्या होत्या. चाळिसातले नऊ जण बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून पायऱ्यांनी वर आले. मागणी घालणारे निवृत्त न्यायाधीश गुडघ्यांमुळे गाडीतच राहिले. मुलाच्या बापाने स्वतः मागणी घालायची नसते. आणि मागणीला होकार मिळेपर्यंत समोरच्या कॉफीला कुणी ओठ लावायचा नसतो. नऊ कप निवत चालले होते.

"मागणारं तोंडच नाही, तर मी हो कुणाला म्हणू?" अबू हातिम चिडून म्हणाले. "मुलगी काय रस्त्यावर पडलीय?"

"तोंड आहे की," याझनचे वडील पिशव्या सोडत म्हणाले. "पाऊस पडेल म्हणणारं. कुठाय ते?"

सगळे दाराकडे वळले.

"या उस्ताद. वयाने तुम्हीच मोठे, आणि आम्हाला इथवर आणलंतही तुम्हीच. आता आमच्या वतीने बोला."

कुणीतरी मला खुर्चीत बसवून समोर कप ठेवला. अशा वेळी बोलायची सुंदर वाक्यं मी पुस्तकांतून शेकडो वेळा वाचली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"रात्री हा चढ गोठेल," मी म्हणालो. "मग कुणाला खाली जाता येणार नाही, वरही येता येणार नाही. तेव्हा... रुदैना आमच्या याझनला द्या."

"हा अंदाज की मागणी?" अबू हातिमांनी विचारलं.

"मागणी. अंदाज सांगणं मी सोडलं."

कुणीतरी फिसकन हसलं. अबू हातिमही हसू दाबत होते, पण ते त्यांना जमलं नाही. "प्या कॉफी," ते म्हणाले.

कॉफी बर्फासारखी गार होती. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. आतून बायकांचा हर्षाचा चीत्कार उठला.

संध्याकाळी अबू कुसैंनी गटात स्वतःचा बर्फातला फोटो टाकला. खाली एकशे अठ्ठ्याण्णव अभिनंदनं. मी वही उघडली. गुरुवारचा आकडा खोडायला पेन टेकवलं, पण खोडला नाही. शेराच्या रकान्यात लिहिलं: 'पाच अंश. चूक. खाली पाहुणे यायचे होते.'