मातीचा जीवखडा

खड्याला चीर गेली होती. केसाएवढी, तांबूस… आणि चिरेच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब, आत जाऊ की बाहेर येऊ असा अडलेला. — या, असे जवळ सरका. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही, टाळ खाली ठेवून सांगायची आहे. पिंपळवंडीच्या यमाजीची, त्याच्या एका दिवसाची. आणि तिच्यात त्याची बायको बाळाबाई आहे, जी आता नाही. —

यमाजी गोठ्याच्या वळचणीखाली उकिडवा बसला होता. समोर पितळेची वाटी, वाटीत तो खडा. बाळाबाईला अग्नी देताना त्याच्या खांद्यावरचं मडकं ज्या खड्यानं फोडलं तोच हा, जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात मुक्कामाला असतो, म्हणून तो घरात घ्यायचा नाही आणि उन्हातही टाकायचा नाही, रोज त्याच्यावर तीळ-पाणी घालायचं, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की नदीत सोडायचा. उद्या दहावा. आणि आज खडा फुगला होता. त्यानं बोट लावलं. बोटाला गाळ आला.

म्हणजे हा दगडच नव्हता… येडगावच्या धरणाचं पाणी वैशाखात मागे हटलं की काठाला उन्हानं भाजलेली ढेकळं पडतात, दगडासारखी, हातात खणखणतात — त्यातलं एक अग्नी द्यायच्या गडबडीत उचललं गेलं. आणि मी रोज पाणी घालत आलो. माझ्याच हातानं. रोज थोडी थोडी बाळाबाई वाटीतून सांडत गेली की काय, शेणात, मातीत, कोंबड्यांच्या पायांखाली…

"काय रं यमाजी, पूजा करतोस का उकरतोस?"

गेणभाऊ. भावकीतला, थोरला. मडकं फोडणारा हात त्याचाच. यमाजीनं वाटी पुढे केली. गेणभाऊनं खडा चाचपला, बोट धोतराला पुसलं.

"आयला… माती व्हय ही? त्या वक्ताला दगडावानी वाजला की राव. एका टोल्यात फुटलं व्हतं का न्हाई मडकं?"

"फुटलं."

"मग! मडकं बी मातीचंच व्हतं म्हणा," आणि तो हसला, आणि लगेच स्वतःच्या हसण्याला दचकला. "आता असं कर. उद्या समद्यांच्या देखत वाटीत चिखल निघाला तर भावकी तोंडात शेण घालंल. मी एक काळा खडा आणतो, पक्का. कोणाला कळतंय?"

कोणालाच कळणार नाही. बाळाबाईला कळेल. सवयीनं ती जुन्याच खड्यात बसून राहील आणि मी भलत्याच दगडापुढे हात जोडून म्हणेन, जा बाई, सुखानं जा… आणि नाही बदलला, आणि उद्यापर्यंत हा विरला, तर ती जायची कशातून? तिचं काही राहिलंय का, हे कावळ्याला विचारायचं असतं. पण यमाजीला ते कावळ्याच्या आधीच माहीत होतं. राहिलं होतं. एक दृष्टांत राहिला होता, अर्धा.

दरसाल सप्ताह भैरवनाथाच्या देवळात. बाळाबाई बायकांच्या बाजूला, खांबाला पाठ न टेकता खांबाजवळ. आणि यमाजी जन्मात कधी कीर्तनाला पुरा बसला नाही. आधी बापाची मेंढरं होती, रानात बसवलेल्या मेंढवाड्याची राखण होती. मेंढरं गेली तर पंपाची लाईट आली, तीही नेमकी कीर्तनाच्या वेळेला. "तू ऐक अन् मला सांग," एवढं म्हणायचा. ती सांगायची. भाकरी थापताना, धार काढताना, त्याच्या पाठीला तेल चोळताना. महाराज कितीक आले आणि गेले, यमाजीच्या कानात ते सगळे बाळाबाईच्याच आवाजात बोलले. शेवटच्या रात्री कीर्तनाहून येऊन ती म्हणाली, "आज लई ग्वाड दृष्टांत झाला बघा. नदीचा चिखल देवाला म्हनला, समदी मला तुडवत्यात, मला दगड कर. देव म्हनला, करतो, पन तीन गोष्टी सोसशील का? पैली, वरचं वझं. दुसरी, आतलं पानी सोडायचं. अन् तिसरी…" आणि त्या रात्री उशिरानं लाईट आली. तो चप्पल शोधत उठला. "उरलेलं उद्या," ती म्हणाली, हसून. सकाळी ती उठलीच नाही.

तिसरी कोणती?

"आबा, काय धरून बसलात?" पुष्पा चहा घेऊन आली. लेक, नारायणगावच्या शाळेत भूगोल शिकवते. डोळे सुजलेले, पण वाटीत पाहताच त्या डोळ्यांत शाळा आली. यमाजीचा अंगठा जरासा दाबला गेला आणि चिरेवर खडा उकलला, वहीची पानं उकलावीत तसा.

"थांबा, हलवू नका… हे बघा. पुराचं पाणी संथ झालं की जड वाळू आधी खाली बसते, मग बारीक गाळ. एक जाड रेघ, एक बारीक. जाडबारीक अशी एक जोडी म्हणजे बहुतेक एक पावसाळा."

"म्हंजी दगड न्हाईच."

"अजून नाही. व्हायच्या वाटेवर होता. वरून आणखी गाळ बसला असता, त्या भारानं पाणी निथळलं असतं, चुन्यानं कण एकमेकांना धरले असते… फार काळ लागतो, आबा."

वझं. पाणी. म्हणजे महाराज खरं तेच सांगत होते… आणि तिसरा चुना? की काळ? भूगोलातलं तिसरं आणि कीर्तनातलं तिसरं एकच असेल का? असेलही. पण बाळाबाईनं ते कसं सांगितलं असतं, कुठं थांबून, पीठ लागलेला हात कसा हलवून — ते भूगोलात नसणार.

तो रेघा पाहत राहिला. ही नखाएवढी पातळ, दुष्काळाची असेल, ही जाड, त्या साली वरच्या वावराची माती बांध फोडून नदीला गेली होती, आणि बाळाबाई फुटक्या बांधावर भिजत उभी राहून म्हणाली होती, "चालली बघा लेक सासरला." तो तिच्यावर खेकसला होता. गेलेली ती लेक कुठे नांदायला गेली हे त्याला आज कळत होतं. धरणाच्या तळाशी. रेघ होऊन. आणि दोन रेघांच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी एक गोगलगाय, पांढरी, आत कुणी नसलेली…

"बोरीला नदीच्या काठात राखेचा थर आहे," पुष्पा म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "मी मुलांना दाखवायला नेते. समुद्रापलीकडे कुठंतरी डोंगर पेटला होता, हजारो वर्षांमागे. त्याची राख वाऱ्यानं इथवर आली."

"अन् वाहून नाय गेली?"

"बरीच गेली असेल. जिच्यावर गाळ बसला ती झाकली गेली. म्हणून राहिली."

झाकली गेली म्हणून राहिली. यमाजीला तिसऱ्या दिवशीचं धरणाचं पाणी आठवलं; उपड्या केलेल्या मडक्यातून बाळाबाईची राख पाण्यावर पसरली, करडी, साय धरावी तशी, आणि बघता बघता खाली बसत गेली. तेव्हा वाटलं होतं, संपली. आता वाटलं — या पावसाळ्यात तिच्यावर गाळ येईल. वरच्या वावराचाही येईल.

दिवस कलला तसा गेणभाऊ आला. मुठीत काळा खडा, गुळगुळीत, लोखंडासारखा. त्यानं तो वाटीशेजारी ठेवला.

"गेणभाऊ, त्या दिशी कीर्तनात तू व्हतास. चिखलाला देवानं तिसरी गोष्ट काय सांगितली?"

गेणभाऊनं टोपी काढली, डोकं खाजवलं. "खरं सांगू? झोपलो व्हतो राव. पखवाज वाजला तवा जागा झालो. बाळाबाईला विचार…" आणि त्यानं जीभ चावली. जाताना त्यानं यमाजीच्या खांद्यावर हात ठेवला, मडकं होतं त्याच खांद्यावर.

संध्याकाळचं तीळ-पाणी राहिलं होतं. यमाजीनं तांब्या उचलला. डावीकडे काळा खडा, ज्यात कुणीच नव्हतं. उजवीकडे उकललेली माती, जिच्यात… घालावं तर ती आणखी विरणार. न घालावं तर ती तहानलेली. सकाळी याच हाताला तो भ्याला होता. आता ती भीती नव्हती. कुणीतरी गोष्ट सांगता सांगता थांबलंय आणि आपण अजून उठलेलो नाही, असं काहीतरी… पंपाची लाईट आली. शेजारच्या रानात पंप सुरू झाले. यमाजी बसून राहिला, तांब्या तसाच तिरपा धरून, कान देऊन.

उद्या कावळा शिवेल न शिवेल, ते सांगणाऱ्याच्या हातात नाही, माउली. तुमच्याजवळ एकच मागणं आहे. तुमच्या गावी कीर्तन उभं राहील आणि महाराज दृष्टांत पुरा करतील, तेव्हा बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या जागेकडे एकदा बघा, आणि पिंपळवंडीच्या बाळाबाईची आठवण काढा. आणि तिसरी गोष्ट ऐकलीत, तर घरी जाऊन कुणाला तरी सांगा… त्याच दिवशी सांगा.