माझ्या पाठीवरचं साल

मी एक रबरी पट्टा बोलतोय. मोटारीच्या इंजिनाला लागून, प्लास्टिकच्या झाकणाआड माझं आयुष्य गेलं. मेकॅनिक मला टायमिंग बेल्ट म्हणतात. तुम्ही मला पाहिलं नसेल. ज्यांनी मला दोषी ठरवलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं.

माझं काम साधं. इंजिनात पिस्टन वरखाली होतात, त्यांच्या डोक्यावर झडपा उघडतात आणि मिटतात. दोघांची टक्कर होऊ नये एवढंच मी बघतो. मी तुटलो की टक्कर होते आणि इंजिन भंगारात जातं.

माझा जन्म २०१४ सालचा. साल कारखान्यानंच माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात छापलंय. माझे पहिले मालक पुंडलिकनगरातले बँकेचे अधिकारी. मला किती वर्षांनी बदलायचं, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं. ते पुस्तक साहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीत फार जपून ठेवलं. उघडलं मात्र नाही.

मग गाडी जुन्या मोटारींच्या एका दलालाकडे गेली. त्यानं सीट धुतल्या, टायर काळेकुळकुळीत केले आणि बॉनेटच्या आत एक स्टिकर चिकटवला. त्यावर बॉलपेननं लिहिलं, 'टायमिंग बेल्ट नवा, जून २०२३'. मी होतो तिथंच होतो, होतो तेवढाच म्हातारा. न विचारता माझा नवा जन्मदाखला निघाला.

गाडी घेतली शिवशंकरनं. तो फुलंब्रीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. घरची चाळीस मेंढरं विकून त्यानं ही गाडी घेतली आणि भाड्यानं चालवायला काढली. घ्यायच्या दिवशी त्यानं हॉर्न वाजवला, टायरला लाथ मारली, गाणी लावून पाहिली, स्टिकर वाचला. त्याची आई बानाबाई, तिनं बॉनेट उघडायला लावून आत मूठभर भंडारा उधळला. त्यातला चिमूटभर झाकणाच्या फटीतून माझ्यापर्यंत आला. माझी दखल घेतली ती एवढीच.

गेल्या मार्चमध्ये भर दुपारी हर्सूलच्या तुरुंगाजवळ गाडी एकाएकी बंद पडली. गाडीत शिवशंकरचे आईवडील बसले होते. सेल्फ फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. पाच मिनिटांत चार जाणकार जमले.

"बेल्ट गया मामू," रिक्षावाला रिक्षातूनच म्हणाला. "अब इंजन खोलना पडता."

"माझ्या मेव्हण्याचं असंच झालतं," रसवंतीवाला म्हणाला. "बेल्टच."

"बेल्ट नवा हाय," शिवशंकर म्हणाला. "स्टिकर हाय ना आत."

"मग बेल्ट नाय," रसवंतीवाला म्हणाला. "धक्का मारू, होती चालू."

खटला एवढाच चालला. आधी न बघता मला मेलेला ठरवलं, मग न बघताच तरणाबांड. खरी गोष्ट कुणी विचारली नाही. मी तुटलो नव्हतो, पण माझे दोन दाते मुळापासून सुटत आले होते. एका धक्क्याचा प्रश्न होता. धक्का बसला असता तर शिवशंकरची चाळीस मेंढरं दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी बदल्यात काही मिळालं नसतं.

चौघांनी डिकीला हात लावले. शिवशंकरचे वडील, मल्हारराव, खाली उतरले आणि काठी आडवी ठेवून गाडीच्या पुढं रस्त्यातच बसले.

"अप्पा, उठा की. लोक बघायलेत."

"बघू दे. तू बघितला का बेल्ट?"

"स्टिकर हाय म्हणलं ना."

"मालक म्हणला मेंढरू दोन वर्साचं हाय, तर आपण तोंड उघडून दात बघतो का नाय? हिचं कुणी उघडलं?"

"अप्पा, गाडी हाय ही. मेंढरू नाय."

"म्हणून तर. मेंढरू वरडलं तरी असतं."

रसवंतीवाला बानाबाईंना म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"चाळीस वर्सं सांगायले," बानाबाई म्हणाल्या. "मेकॅनिक बोलवा. लवकर होईल."

पुंजाराम मेकॅनिक आला. चार बोल्ट, दोन क्लिपा, दहा मिनिटं. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ऊन पडलं.

"साबूत हाय की," रसवंतीवाला जरा नाराज होऊन म्हणाला आणि पुन्हा डिकीकडे निघाला.

पुंजारामनं पाना लावून मला हळूहळू फिरवलं, टॉर्च मारला. "हात काढा गाडीवरचे," तो म्हणाला. "सगळ्यांनी."

मल्हाररावांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्यांनी माझ्यावरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि वाचलं, "दोन. शून्य. एक. चार."

शिवशंकरनं नखानं स्टिकर सोलून काढला.

गाडी बंद पडली होती ती इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज उडाल्यानं. नखाएवढी वस्तू. तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

माझ्या जागी नवा बेल्ट आला. मला आणि सोलून काढलेल्या स्टिकरला घेऊन तिघं दलालाकडे, उस्मानपुऱ्यात गेले. दलालानं चहा मागवला.

"काका, जुना बेल्ट कुठंबी मिळतो. हा ह्याच गाडीचा कशावरून?"

बानाबाईंनी माझ्या एका भेगेत नख घातलं. नखावर पिवळं आलं. "गाडी घेतली त्या दिवशीचा भंडारा हाय. माझ्या हातचा. तुमच्यासमोरच टाकलता."

दलाल म्हणाला, स्टिकर म्हणजे काही लेखी हमी नव्हे. चहा तिघांनीही घेतला नाही. त्याच्या पटांगणात आणखी अकरा गाड्या उभ्या होत्या. जाताना मल्हाररावांनी एकेकीचं बॉनेट उघडायला लावलं. नऊ गाड्यांत तोच स्टिकर होता. अक्षर तेच, महिनाही तोच.

तेव्हापासून दर रविवारी म्हातारा पटांगणासमोरच्या कट्ट्यावर बसतो. मी त्याच्या काठीला गुंडाळलेला असतो. दलालानं दोनदा हाकललं, एकदा पोलिसांना बोलावलं. पोलिसानं मला हातात घेऊन बघितलं आणि मग स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडायला गेला.

गाडी घ्यायला आलात तर टायरला लाथ मारण्याआधी कट्ट्यावर या. माझ्या पाठीवरचं साल वाचा, मग आत जाऊन झाकण उघडायला सांगा. आकडे बारीक आहेत. चष्मा विसरला असाल तर म्हातारा आपला देतो.