कणकेची आतडी

हॅलोविनच्या दिवशी हॉलंडमधल्या आमच्या उइटहॉर्नच्या गल्लीत पोरांची रांग फेना नावाची पोरगी लावायची. वय नऊ, पण दरारा फौजदाराचा. त्या कोरोनाच्या वर्षी अंतर राखायचं म्हणून खाऊ वरच्या खिडकीतून पाइपात सोडत. रांगेत शेवटच्याच्या वाट्याला यायचा नुसता पाइप. आणि शेवटचा कोण, तर गल्लीत नवा आलेला माझा सात वर्षांचा नातू, अद्वय.

"आजोबा, मला पुढे उभं राहायचंय. फेना म्हणते, मोस्ट स्केअरी असेल तोच पुढे."

"एवढंच ना? तुझं पोटच फाडू!"

विमानं बंद म्हणून मी मार्चपासून इथे अडकलेलो. हाताला काम हवंच होतं. सून सुमेधा वर मीटिंगमध्ये. मी दोन किलो कणीक भिजवली, बीट किसून लाल केली, सुतळीवर थापून आतडी वळली आणि पोराच्या कमरेला करकचून बांधली. फाडलेल्या शर्टातून ती गुडघ्यापर्यंत लोंबली. सुमेधा खाली आली ती किंचाळलीच. म्हटलं, जमलं!

पण लॉकडाउनभर अख्ख्या गल्लीने कालव्यातल्या राजहंसांना पाव टाकले होते, हे डोक्यातच आलं नाही. एवढे माजले होते की एकाने सायकल अडवून पावाची पिशवी मागितलेली मी स्वतः पाहिली आहे.

पहिल्याच घरापाशी थोरला राजहंस पाण्यातून उठला. पंख उघडले तसा दिव्याचा उजेड गेला. आतड्याचं टोक चोचीत धरून त्याने असा हिसडा दिला, की अद्वय तोंडावर विटांवर आपटला. ओठ फुटला, दात उडाला. मागून आणखी तीन आले. एका फटक्यात फेनाची चेटकिणीची टोपी कालव्यात आणि फेना कुंपणात! खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटक बसवलंय.

मी धावलो. पहिल्याच्या पाठीत हातातली काठी घातली, काठी मोडली. दुसऱ्याने मनगटावर पंख हाणला, मनगट मोडलं. तिसऱ्याच्या मानेची मी एका हाताने गाठ मारली. सुमेधा म्हणते, त्याने नुसती मान वळवली होती. तिला दुरून दिसलं.

थोरला मात्र अद्वयला फरफटत पाण्याकडे नेत होता. सुतळी काही तुटेना. काठ हातभर उरला.

"चाव त्याला!" मी ओरडलो. "अद्वय, मान धर, चाव!"

पोराने मानेत दात रुतवले. राजहंसाने त्याच्या डोक्यावर पंख बडवले, पाठीवर बडवले, कान रक्तबंबाळ केला. अद्वयने जबडा सोडला नाही. शेवटी त्या पक्ष्यानेच आतडं टाकलं आणि झोकांड्या खात पाण्यात पडला.

सुमेधा धावत आली. "घरी चल! आधी घरी चल!"

"थांब ना, आई."

तोंडात पांढरी पिसं, हनुवटीवरून रक्त, मागे फरफटणारं आतडं. तसाच चालत जाऊन त्याने बेल दाबली. कुंपणातून निघालेली फेना गालावरचा ओरखडा पुसत आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. तिच्यामागे बाकीची पोरं.

वरून त्या घरच्या बाईंनी डोकावून पाहिलं आणि अशा किंचाळल्या, की हातातली चॉकलेटची बादलीच सुटली. चॉकलेटं विटांवर विखुरली.

एकही पोरगं वाकलं नाही. आधी अद्वय वाकला.