बुधवारी वाजलेले शिंग

मी एक जुने शिंग आहे. म्हशीचे. माझ्या तोंडाला पितळेचे कडे आहे आणि फुंकायच्या टोकाशी आबांच्या दातांनी पडलेली एक बारीक खाच आहे. मित्रांनो, गोष्ट जन्मापासून सांगायची रीत आहे, ते मला ठाऊक आहे. पण मला आधी एक सोमवार सांगू द्या. त्यानंतर तसा सोमवार पुन्हा आला नाही.

त्या दिवशी आबांनी मला खुंटीवरून काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि डोंगराच्या खिंडीत उभे राहून एकदा लांब फुंकले. एक लांब फुंक म्हणजे धावडगावच्या लोकांना रान उघडले, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. मग गाव चढून आले. प्रत्येक घरातून एक कुऱ्हाड आली आणि खिंडीतल्या धावड्याच्या मोठ्या झाडाखाली पडली. तुम्ही म्हणाल, रानात जाताना कुऱ्हाड आणायची आणि दारातच ठेवून द्यायची, ही कसली तऱ्हा? तीच तर आमची रीत होती. रान उघडे असेपर्यंत गावात एकही कुऱ्हाड मोकळी राहायची नाही. सगळ्या कुऱ्हाडी आबांच्या डोळ्यांपुढे, आणि माणसे रिकाम्या हातांनी आत. वाळलेले जे हाताने मोडेल ते तुमचे. जे मोडणार नाही ते रानाचे.

"आबा, माजे हात म्हातारे झाले," बायनाबाई म्हणाली. ती सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत जास्त बोलायची. "माज्यापुरती कुऱ्हाड ऱ्हाऊ द्या की."

"तुजी जीभ हाय की, बायना. तिनं तोड."

सगळे हसले. बायनाबाईही हसली आणि कुऱ्हाड टाकून आत गेली. आबांची लेक लीला धावड्याला टेकून पुस्तक वाचत होती. सेलूच्या एका गुरुजींकडून ती पुस्तके आणायची, आणि वाचलेले गुरे वळताना मला ऐकवायची. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आबांनी मला दोनदा तोडून फुंकले, म्हणजे रान बंद. माणसे मोळ्या घेऊन बाहेर आली, आपापली कुऱ्हाड ओळखून घेऊन गेली. इतकेच. साधा दिवस.

आता जन्माचे सांगते. ज्या म्हशीच्या डोक्यावर मी वाढले, ती आबांच्या वडिलांची. तिला याच रानात बिबट्याने मारले. म्हाताऱ्याने मला उकळत्या पाण्यात मऊ केले, आतला गाभा काढला, काचेने घासले, तीळतेल पाजले. पाथरीच्या बाजारातल्या कासाराने कडे बसवले. ज्या रानाने म्हैस नेली त्याच रानाची राखण म्हाताऱ्याने माझ्याकडून करून घेतली. त्याच्यानंतर आबा, म्हणजे बन्सीधर. रान सरकारी होते, निजामाच्या कागदावर होते, पण राखणदार गावाने नेमायचा आणि गावाने जळण, चारा, टेंभुर्णे, चारोळी न्यायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्या काळी माझे कौतुक होई. गंगाखेडच्या यात्रेहून येणारे पाहुणेसुद्धा मला हातात घेऊन फुंकायला बघत. कुणाच्याने मी वाजत नसे. आबांच्या फुंकेने वाजे, आणि लीलेच्या. तिला आबांनीच शिकवले होते, ती नऊ वर्षांची असताना. हे गावाला माहीत नव्हते. मुलीने शिंग फुंकावे हे गावाला रुचले नसते.

त्याच सोमवारी, दिवस कलायच्या आत, चावडीवर बैठक भरली. बाहेर कुठेतरी मोठी लढाई चालू होती, ज्वारी महाग झाली होती, आणि सरकारचा हुकूम आला होता की निरुपयोगी जंगले हर्रास करून, म्हणजे लिलावाने विकून, जमीन पिकाखाली आणावी. आमच्या रानाचे काय करायचे ते बघायला जंगलाचे साहेब बुधवारी येणार होते. रान राखलेले आणि वापरातले दिसले तर राहील, नाहीतर विकले जाईल.

व्यंकटराव लोडाला टेकून बसले होते. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची होती.

"दोनशे एकर रान," ते म्हणाले, "आन् पिकतं काय? टेंभुर्णं आन् मुंगसं. माणसं उपाशी मरायलीत आन् आपुन झाडं राखायलोत."

"आन् तुमची जवार पिकल्यावर भाकरी कशावर भाजू?" लिंबाखाली बसलेल्या बायांतून बायनाबाई ओरडली. "तुमच्या मिशांवर का?"

मुंजाजी मात्र हसला नाही. त्याला जमीन नव्हती. दुसऱ्यांची गुरे राखता राखता त्याचे केस पिकले होते. तो हळूच म्हणाला, "आबा, तुमचं खरं हाय. पर हर्राशीत मला दोन एकर भेटले, तर मी लेकरांना काय सांगू? झाडं चांगली होती म्हणून?"

मुंजाजीचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आबांनाही ते कळत होते.

"हर्राशीत बोली लागती, मुंजाजी," आबा म्हणाले. "व्यंकटरावांच्या बोलीवर तुजी बोली जाईल का? आज रान तुजं हाय. मोळी आणतूस, कुणाला इचारत न्हाईस. उद्या त्यांचं झालं की इचारावं लागंल."

"रान लोकांचं म्हणता," व्यंकटराव उठता उठता म्हणाले, "पर लोक कुटं हायत तिथं? बुधवारी येऊन बघा म्हणावं साहेबाला. चिटपाखरू दिसलं तर मिशी उतरवीन."

लीला बायांच्या मागे उभी होती. हे वाक्य तिच्या मनात रुतले.

मंगळवारी आबांना ताप भरला. बुधवारी सकाळी ते पाणी मागत होते आणि पाणी दिले की ओळखत नव्हते. आई नव्हती. लीला एकटी होती, सोळा वर्षांची. साहेब येणार, खिंड रिकामी, रान रिकामे, आणि व्यंकटराव त्यांना तेच दाखवणार. तिने विचार केला. पुस्तके वाचणारे जसा विचार करतात तसा, नीट आणि अपुरा. साहेबाला लोक दिसायला हवेत. लोक कशाने येतात? शिंगाने. तिने मला खुंटीवरून काढले, घरामागच्या टेकाडावर गेली आणि एकदा लांब फुंकले. इतके चांगले मी क्वचितच वाजले असेन. मग आतून आबांनी हाक मारली, म्हणून ती पळत घरात आली आणि मला पुन्हा खुंटीला टांगले.

गाव निघाले. बुधवारी शिंग का, असे दोघातिघांनी विचारले असेल, पण शिंगाचा शब्द गावाने कधी मोडला नव्हता. आणि रीतीप्रमाणे प्रत्येक घरातून एक कुऱ्हाड निघाली.

मित्रांनो, लीलेने सगळ्याचा विचार केला होता, कुऱ्हाडींचा केला नव्हता. खिंडीत त्या घ्यायला कोणी नव्हते.

मी खुंटीवरून ऐकत होते. आधी बराच वेळ काही नाही. माणसे आबांची वाट पाहत असतील. मग एक घाव. मग थांबून दुसरा. कोणीतरी म्हणाले असेल की आता हर्रास होणारच आहे, मग राखायचे कोणासाठी. व्यंकटरावांनी नेण्यापेक्षा आपण नेलेले काय वाईट? त्यानंतर घाव मोजता येईनात. लीला आबांच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. पट्टी तिच्या हातातच राहिली. तिने माझ्याकडे पाहिले. दोन तुटक फुंका मारल्या असत्या तर उरलेले रान तरी वाचले असते. पण तेव्हा दारावरून साहेबांचा घोडा गेला होता, आणि शिंग फुंकताना आपण सापडू म्हणून ती भ्याली. मी तिला दोष देत नाही. मी तिथे होते, एवढेच सांगते.

साहेबांनी ओले बुंधे पाहिले. खिंडीतला मोठा धावडासुद्धा आडवा पडला होता. "इसको राखण बोलते?" एवढेच ते म्हणाले. व्यंकटरावांना काही बोलावेच लागले नाही. लोक तर दिसले होते, पण मिशी कोणी मागितली नाही.

ताप उतरल्यावर आबांना लोकांनी सांगितले. कोणी रागाने, बरेचसे मान खाली घालून. "तुमीच तर शिंग वाजवलं, आबा," बायनाबाई म्हणाली. "आमी आलो. तुमी नव्हता. मग एकानं टाकला घाव, आन् मग…" तिच्या अंगणात हिरवा साग पडला होता.

आबांनी मला खुंटीवरून काढून हातात फिरवून पाहिले.

"लीले, तापात मी उठलो होतो का गं?"

लीलेने चुलीत फुंकर घातली. "मला न्हाई ठावं, आबा. मी पाण्याला गेल्ते."

ती वाईट मुलगी नव्हती. उद्या सांगू म्हणाली असेल मनात. पण आबांनी उद्याची वाट पाहिली नाही. ते परभणीच्या कचेरीत गेले आणि लिहून दिले की गावाचा दोष नाही, तापाच्या भरात शिंग मीच वाजवले, शिक्षा मला करा, रान विकू नका. तिथल्या कारकुनाने कागद वाचून दाखवला तेव्हा लोक हसले. ज्या रानाचा राखणदारच असा, त्याची राखण ती काय, असा शेरा त्यावर पडला. हर्रास झाली. व्यंकटरावांनी एकाच बोलीत सगळे घेतले.

दोन वर्षे रानातल्या लाकडाचा कोळसा भरून गाड्या सेलूच्या स्टेशनाकडे जात होत्या. मग नांगर आला. पहिली ज्वारी खरेच चांगली आली, तेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या पावसाळ्यात उतारावरची माती ओढ्यात गेली आणि मुरूम वर आला. मुंजाजी त्याच शिवारात सालगडी म्हणून राहिला, दोन एकर नाहीत, दोन बैल घेऊन, तेही व्यंकटरावांचे. बायनाबाई शेण वेचते, गोवऱ्या थापते. आणि गाव, ज्याने स्वतःच्या हातांनी पहिला घाव घातला, ते गाव आजही म्हणते की बन्सीधराने तापात रान घालवले.

आबांनी मला पुन्हा फुंकले नाही. वासरांना काढा पाजायला माझा उपयोग होऊ लागला. कडू काढ्याने माझी आतली बाजू काळी पडली, कड्याला हिरवा गंज चढला. लीलेचे लग्न होऊन ती पाथरीला गेली. सणावाराला यायची, आबांना वाचून दाखवायची, आणि खुंटीकडे पाठ करून बसायची. एकदा आबा म्हणाले, "माणसानं शुद्धीत केलेली चूक कळती गं. ही कळतच न्हाई, म्हणून लय बोचती." ती पुस्तकाचे पान उलटत राहिली.

या चैत्रात आबा गेले. हे १९४८ साल आहे. सगळीकडे पळापळ, अफवा. कोणाचे राज्य राहणार ते कोणाला ठाऊक नाही. अशा दिवसांत एका म्हाताऱ्या राखणदारासाठी फारसे कोणी आले नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी रान जपा, झाडे लावा, असे सांगायची चाल आहे. जरूर जपा. पण आमचे रान कोणा राक्षसाने खाल्ले नाही. ते एका माणसाच्या हावेने, एका गावाच्या उतावळेपणाने आणि एका मुलीच्या गप्प बसण्याने गेले. जे सगळ्यांचे असते त्यासाठी वेळेवर बोलावे लागते, इतके मी काढ्याच्या वासात टांगून राहून शिकले.

तेराव्याच्या सकाळी लीलेने मला उतरवले. राखेने कडे घासले, आत तेल फिरवले. मला घेऊन ती एकटी खिंडीत गेली. धावड्याचा बुंधा अजून तिथे आहे. त्याच्याशेजारी उभी राहून तिने फुंकले. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा मी वाजले, फाटके, पण लांब.

खाली दारे उघडली. माणसे चढून येऊ लागली, मुंजाजी बैल सोडून आला, आणि सगळ्यांत शेवटी, कमरेत वाकलेली बायनाबाई. तिच्या हातात कुऱ्हाड होती. पाच वर्षांत त्या डोंगरावर तोडण्यासारखे काही उरले नव्हते, पण शिंग वाजले म्हणून तिने ती आणली होती. तिने ती बुंध्याशी ठेवली आणि वर पाहिले.

"कोण वाजवतंय? आबा तर गेले."

लीलेने मला छातीशी धरले. तिचा श्वास माझ्या पोकळीत येत होता.

"मी," ती म्हणाली. "त्या बुधवारीबी मीच वाजवलं होतं. आबा अंथरुणातून उठलेच न्हाईत."