समिती घर बघायला येते

"स्टीलचे पेले? बन्सीलालजींना? मग एक काम कर, सोबत वाटीत मुरमुरे पण ठेव," भीकमचंद आरशासमोर उभे राहून शर्टाच्या गुंडीशी पुटपुटले. गुंडी काही केल्या काजात जात नव्हती.

धनकंवर त्यांच्या पाठीशीच कपाट उघडून उभी होती. एवढ्या जवळून पुटपुटलेलं ऐकू न आल्याचं सोंग वठवायला पंचवीस वर्षांचा संसार लागतो, आणि तेवढा तिच्या गाठीशी होता. तिने स्टीलचे पेले मांडणीवर परत ठेवले आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेले चांदीचे काढले. लग्नात सहा आले होते. आता तीन उरले होते. समितीचे दोघंच येणार होते, म्हणजे निभावणार होतं.

"मम्मी, टूथपावडरने घासू नकोस," प्रियल दारातून म्हणाली. "फार चमकतील."

"चमकू देत," भीकमचंद आरशातूनच म्हणाले.

प्रियलने आईकडे पाहिलं. धनकंवरने पेल्याकडे पाहिलं, आणि घासायला घेतला.

समिती म्हणजे समाजाच्या विद्यार्थी मदतनिधीची समिती. ज्याचा अर्ज येईल त्याच्या घरी दोन माणसं जायची, चहा प्यायची, भाचीच्या साखरपुड्यापासून कापसाच्या भावापर्यंत गप्पा मारायची आणि उठायची. पैशाबद्दल अक्षर काढायचं नाही. नुसतं बघायचं. फरशी कसली, दारात गाडी कुठली, चहा कशातून येतो. हा रिवाज घालून दिला होता तोही भीकमचंदांनीच. एकदा भर सभेत कुणीतरी एका विधवेला विचारलं, महिन्याला किती सुटतात म्हणून, आणि ती बाई तिथल्या तिथे रडायला लागली. तेव्हा ते ताडकन उठून म्हणाले होते, की यापुढे कुणाला तोंडाने मागायला लावायचं नाही. त्या दिवशी नवऱ्याच्या ताटात वाढताना धनकंवरने तूप जरा सढळ हाताने सोडलं होतं.

आता तीच समिती खालच्या कापडदुकानाशेजारून त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर येणार होती.

अर्ज प्रियलने कुणाला न विचारता भरला होता. बडोद्याच्या कला महाविद्यालयात तिचा चित्रकलेला नंबर लागला होता. यादी लागली त्या दिवशी भीकमचंदांनी मोबाइल हातात धरून शेजारच्या सराफापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत तळोद्याच्या अख्ख्या बाजारपेठेला मुलीचं नाव दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी फी, हॉस्टेल आणि रंगसामानाचा खर्च कळला. तेव्हापासून त्यांना एकेक आठवायला लागलं: चित्रकलेत भविष्य नसतं, बडोद्याचं पाणी जड असतं, आणि गावातच बी.कॉम. केलं तर पदवीवर शिक्का विद्यापीठाचाच बसतो, वर मुलींना फी जवळजवळ माफ. बडोद्याला सोमवारच्या आत पैसे भरायचे होते. नाही भरले तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

निधीच्या कार्यालयातून चौकशीचा फोन आला तेव्हा त्यांनी जेवणाचं ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं. अर्ज मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

"येऊ देत," शेवटी ते म्हणाले होते. "घर बघतील आणि तेच नाही म्हणतील. आपल्याला काही बोलावंच लागणार नाही."

म्हणून चांदी. म्हणून काजूकतली. म्हणून उन्हाळाभर फडक्याखाली झाकलेला बैठकीतला एसी दुपारपासून घरघरत होता.

बन्सीलालजी आले ते धापा टाकत. मागे एक तरुण सीए, हातात फाइल. बन्सीलालजींची धान्याची अडत याच बाजारात, दहा दुकानं सोडून. वयाने ते भीकमचंदांहून मोठे, म्हणजे धनकंवरला जेठाच्या, थोरल्या दिराच्या जागी. जेठाशी बोलायचं नसतं. पदर कपाळापर्यंत ओढून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली, त्यांच्यापासून चार हातांवर.

"प्रियल, काकाजींना विचार, चहात साखर किती?"

"मम्मीला सांग, डॉक्टरने बंद केलीय," बन्सीलालजी प्रियलकडे बघून म्हणाले. "पण डॉक्टर काय आज इथे आलेला नाही. एक चमचा चालेल."

सीए गालात हसला. प्रियलने निरोप पोचवायची गरज नव्हती, तरी तिने मान वळवून आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत धनकंवर आणि बन्सीलालजींनी एकमेकांची आजारपणं, मुलांचे निकाल, दोन मयतं, सगळं याच वळशाने एकमेकांना विचारलं होतं.

"एसी नवा का रे?" बन्सीलालजींनी विचारलं.

"जुनाच आहे. वापर नसतो... म्हणजे, वारा छान येतो वर."

"हां. आणि पुनीत? दिसला नाही बऱ्याच दिवसांत."

"सुरतेला. तिकडची शाखा बघतो," भीकमचंद म्हणाले.

धनकंवरने ट्रेमधला पेला उगाच सरळ केला. शाखा म्हणजे कापड मार्केटमधलं दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान होतं, आणि तिचा मुलगा तिथे पगारावर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत होता. बाजारात राहून बन्सीलालजींना हे ठाऊक नसेल, असं तिला वाटत नव्हतं. पण ते "वा, वा" म्हणाले आणि त्यांनी काजूकतलीचा तुकडा मोडला. रिवाज म्हणजे रिवाज.

तेवढ्यात खालून, जिन्याच्या तोंडाशी, कुणीतरी मोठ्याने हाक मारली.

"ओ शेठ! दुकान बंद शे का? परवादिन भी कुलूपच व्हतं!"

आवाज उदेसिंगचा. डोंगरातल्या गावाहून लग्नाचं कापड न्यायला तो वर्षानुवर्षं इथेच यायचा. भीकमचंद उठून खिडकीशी गेले.

"पाहुना येल शेतस रे. उद्या ये."

"उद्या तं उघडश्यात ना? आते जीप तिकडे मॉलपानच उभी ऱ्हास. तरी मी तुम्हनाकडेच उनू."

"उघडसू, उघडसू. जाय आते."

पूर्वी डोंगराकडच्या जिपा थेट दुकानासमोर थांबायच्या. होळीच्या आधीचे आठवडे तर खाली पाय ठेवायला जागा नसे. बायका एकमेकींच्या खांद्यांवरून हात घालून लुगडी ओढायच्या. मग जीपस्टँड गावाबाहेर, नव्या मॉलपाशी गेलं आणि गिऱ्हाईक त्याच्यामागोमाग गेलं. हे घरात कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दुकान आधी दुपारी बंद राहायला लागलं, मग एखादा दिवस, मग दोन.

भीकमचंद परत येऊन बसले. कुणी काही विचारलं नाही.

"चित्रं बघायला मिळतील का?" सीएने विचारलं. तो नवा होता; गप्प बसणं त्याला अजून जमत नव्हतं.

प्रियलने आतून गठ्ठा आणला. साड्यांच्या घड्यांत घालून येतात ते पुठ्ठे. त्यांच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिल, कुठे कुठे रंग. सगळे हातच होते. कापडाचा पोत चिमटीत धरून बघणारे हात. कोपरापर्यंत गोंदलेले, बांगड्यांनी भरलेले, एक तर बोट तुटलेला. चेहरे जवळजवळ कुठेच नव्हते, पण कोण घेणार आहे आणि कोण नुसतंच बघून जाणार आहे, ते बोटांवरूनच कळत होतं.

बन्सीलालजींनी चष्मा वर सरकवला. एक पुठ्ठा त्यांनी दोनदा उचलला.

"भीकम, ही बाई तर भाव पाडूनच घेणार बघ. हा हात."

भीकमचंदांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि त्यांनी ते चटकन आवरलं. धनकंवरने दोन्ही पाहिलं.

"मग? तुझं काय म्हणणं?" बन्सीलालजींनी विचारलं.

"माझं काय असणार? पैशाचा तर प्रश्नच नाही," भीकमचंद सोफ्याच्या हातावर अंगठा घासत म्हणाले. "पण मुलीच्या जातीने एवढं लांब जायचं, रंग फासत बसायचं... बी.कॉम. करेल, हिशेब शिकेल. शाखा वाढतायत आता."

सीएने पेनाचं टोपण लावलं. "पैशाचा प्रश्न नाही म्हणता, म्हणजे अर्ज चुकून आला का?"

सगळे प्रियलकडे बघायला लागले. ती मात्र वडिलांकडे बघत होती, त्यांच्या त्या घासल्या जाणाऱ्या अंगठ्याकडे.

"हो, चुकून," ती म्हणाली. "मैत्रिणी भरत होत्या म्हणून मीपण भरला. मला बी.कॉम.च करायचंय."

"आणि हे?" सीएने पुठ्ठ्यांकडे बोट केलं.

"हे? टाइमपास. बडोद्यावाले काय, सगळ्यांनाच घेतात. मला काही एवढं येत नाही."

ती एकेक पुठ्ठा पालथा घालून गोळा करायला लागली. आवाज अगदी साधा होता. धनकंवरला वाटलं, निदान थोडा तरी कापायला हवा होता. अठराव्या वर्षी हे इतकं सफाईने कुठून आलं, हे शोधायला तिला लांब जावं लागणार नव्हतं. कपाटातल्या ओढणीत उरलेला तिसरा पेला तिच्या डोळ्यांसमोर होता.

"बघा," भीकमचंद एसीकडे बघत म्हणाले. "समजदार आहे."

बन्सीलालजी लगेच उठले नाहीत. त्यांनी तळवे गुडघ्यांवर ठेवले.

"भीकम, काही असेल तर..." एवढं बोलून ते थांबले. पुढचं त्यांना विचारता येत नव्हतं. विचारायचं नाही असं ठरवणारा माणूसच समोर बसला होता. त्याने वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली नाही.

"काही नाही हो. आणखी एक कतली घ्या."

"नको. पोट भरलं." ते उठले. सीए उठला. चपला घालायला दोघं दाराशी गेले. भीकमचंद निरोप द्यायला हात जोडून मागे गेले, आणि त्यांचे खांदे एकदम सैल पडलेले धनकंवरला पाठमोरे दिसले. सुटले होते ते. सगळं ठरल्यासारखं पार पडलं होतं.

"प्रियल, काकाजींना सांग..." ती सवयीने म्हणाली.

प्रियलने वर पाहिलं. पुठ्ठ्यांचा गठ्ठा तिने पोटाशी धरला होता, आणि आता इतक्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले होते. हा निरोप तिच्या तोंडून पाठवता येणार नव्हता.

धनकंवरने उंबरा ओलांडला. पदर होता तसाच कपाळावर राहू दिला.

"जेठजी, थांबा."

बन्सीलालजी एका पायात चप्पल घालून वळले. आधी त्यांना वाटलं, हे दुसऱ्याच कुणाला उद्देशून आहे. त्यांनी प्रियलकडेसुद्धा पाहिलं.

"अगं," भीकमचंद दबक्या आवाजात म्हणाले. "आत जा तू."

ती गेली नाही. नवऱ्याकडे तिने एकदा पाहिलं, आणि ते नजर चुकवेपर्यंत पाहत राहिली. मग ती सरळ बन्सीलालजींशी बोलली.

"दुकान चालत नाही. पुनीत सुरतेत दुसऱ्याकडे नोकरी करतो. पोरीला बडोद्यालाच जायचंय, जेठजी, आणि आमच्याकडे पैसे नाहीत."