दिहियाच्या घरचे पाच चमचे

यन्नायर म्हणजे आमचं नवं वर्ष. त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या डोंगरात एकाच लाकडी परातीत कुसकुस, म्हणजे वाफवलेला जाड रवा नि वर रस्सा, वाढतात आणि घरात माणसं जितकी, तितके चमचे त्यात उभे खोचतात. परदेशी गेलेल्याचाही खोचतात, लष्करातल्याचा, तुरुंगात पडलेल्याचा, सगळ्यांचा. मेलेल्याचा नाही. त्याचा चमचा न बोलता काढून ठेवतात.

आमच्या बालवाडीत याचाही उपक्रम केला. मी तिथली मावशी. फरशी पुसायची, मुलांची नाकं पुसायची, खरकटं काढायचं. दरवर्षी प्रत्येक पोरानं घरून लाकडी चमचे आणायचे, घरात माणसं किती तितके, फळ्यापुढे उभं राहून मोजायचे, तो आकडा कागदावर रंगवायचा आणि दुपारी सगळ्यांनी मिळून मोठ्या परातीतलं कुसकुस खायचं. कल्पना तिझिरी बाईंची. पंचविशीची पोर, मुलांवर जीव टाकते. पण यंदा मोठ्या बाईंनी नोटिशीत एक ओळ वाढवली. घरात प्रत्यक्ष राहणाऱ्यांचेच चमचे आणावेत, कारण हा गणिताचा उपक्रम आहे.

गणित म्हणे. या किनाऱ्यावरच्या एका तरी घराचं गणित जुळतं का, ते दाखवा मला.

माझ्या घरी आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा अकली. मी चमचे तीन नेले. तिसरा माझ्या मुलाचा, मोक्रानचा. चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात तो खालच्या खाडीतून रबरी होडीत बसून समुद्रापलीकडे जायला निघाला. होडीत अकरा जण होते. त्यातला दुसरा आमच्या आळीतला, जुहरचा मुलगा अमेझियान, बायको आणि दोन वर्षांची पोर मागे ठेवून गेलेला. चार वर्षांत ना फोन आला ना मढं. पोलिसांनी वहीत नाव लिहून घेतलं आणि वाट बघा म्हणाले. हे सांगायला त्यांना गणवेश लागतो.

अकली दरवर्षी तिसऱ्या चमच्याकडे बघतो आणि मान खाली घालून जेवतो. मी मात्र तो खोचते. जुहरपण खोचायची. तिची माणसं पाच, चमचे सहा. ती सहा खोचते आहे म्हणून मी तीन खोचू शकत होते. एक होडी, दोन घरं. एक जिवंत तर दुसराही जिवंत, असा माझा हिशोब होता.

अमेझियानची ती पोर म्हणजे दिहिया. आता सहा वर्षांची, मोठ्या वर्गात. उपक्रमाच्या दिवशी सकाळी मुलं आली, कुणी निळा एप्रन, कुणी गुलाबी. भिंतीवर पोरांनी कापसाच्या शेळ्या चिकटवलेल्या, त्यातल्या निम्म्या एव्हाना टकल्या झालेल्या. मी दाराशी टोपली घेऊन उभी होते. चमचे धुवून पुन्हा ज्याचे त्याला द्यायचे असतात, म्हणून मी घेतानाच मोजते. तीन. सात. चार. दिहियानं फडक्यातली जुडी माझ्या हातात दिली. पाच.

मी पुन्हा मोजले. मागच्या वर्षी सहा होते. सहाव्याच्या दांड्याला निळा दोरा बांधलेला होता. जुहरनं तो बांधताना मी तिच्या ओट्यावर कॉफी पीत बसले होते.

“एक घरी विसरलीस का गं?”

“नाही.”

“मग बाबांचा कुठाय?”

“आजीनं काढला,” दिहिया म्हणाली. “बाबांना आता नाही लागत.” आणि ती शेळीला कापूस लावायला पळाली.

मोठ्या बाईंच्या नोटिशीमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आत तिझिरी बाई एकेकाला उभं करत होत्या. दिहियानं पाच मोजले. शाब्बास, म्हणाल्या बाई, पाच माणसं, पाच चमचे, अगदी बरोबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरं रंगवायला बसली. मी रंगाचे खडू गोळा करत फिरत होते. दिहियाच्या कागदावर पाच पिवळे चमचे होते. कागद उलटा केला तर मागे दोन, निळे, शेजारीशेजारी, आणि दोघांच्या दांड्यांभोवती एकच रेघ गुंडाळलेली.

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. हे कुणाचे, म्हणून विचारलं.

“हा बाबांचा. हा मोक्रानकाकाचा.” तिनं खडूनं दाखवलं. “ते दोघं खाली आहेत. तिथे कुसकुस भिजून जातं, मग चमच्यानं घेता येत नाही.”

“कुणी सांगितलं तुला?”

“आजी आईला सांगत होती. तुला नाही सांगायचं, मावशी.”

ही रेघ कसली, ते मी विचारलं नाही. पाच चमचे उचलले, एप्रनसकट बाहेर पडले. मागून मोठ्या बाईंनी हाक मारली की मुलांना मुतायला कोण नेणार. त्यांना म्हटलं, तुम्ही न्या.

जुहरचं घर शाळेच्या वरच्या अंगाला, दोन वळणं चढून. ती दारात गाजरं सोलत बसली होती. माझ्या हातातले चमचे बघितले आणि सुरी खाली ठेवली. मी बसले नाही.

“कधी कळलं?”

“ऑक्टोबरात.”

“ऑक्टोबरात. आणि आज जानेवारी.”

मग ती बोलली, गाजरांकडे बघून. पलीकडच्या किनाऱ्यावर आपल्यातलाच एक माणूस आहे, तो बेवारस पुरलेल्यांचे फोटो गोळा करतो. त्यानं एक फोटो पाठवला. चेहरा नव्हताच. पण अंगात स्वेटर होता, आणि तो जुहरनं स्वतः विणलेला, डाव्या बाहीत दोन टाके चुकलेले. फोटोत शेजारी दुसरा होता. दोघांनी कमरेचे पट्टे एकमेकांत अडकवून बांधले होते. लाटेनं वेगळं करू नये म्हणून असेल, ती म्हणाली. दुसऱ्याच्या पट्ट्याला पितळी घोडा होता.

ते बक्कल मीच मोक्रानला घेतलं होतं. बाजारात दोन दुकानं फिरून.

“मला का नाही सांगितलंस?”

“वर्दिया, कसं सांगू? तुझे तीन असतात.”

“मी आज तीन घेऊन गेले जुहर. मघाशी. पोरांच्या परातीत खोचायला ठेवलेत. तू तुझा काढलास आणि मला मेलेल्याला वाढू दिलंस.”

“मला वाटलं, एका घरात तरी असू दे. तुझ्याकडे खोचलेला आहे, म्हणजे अजून काहीतरी आहे. मी तुझ्याच चमच्यावर जगत होते गं.”

मला तिच्या थोबाडीत मारायची होती. हातात तिचे पाच चमचे होते. ते मी तिच्या मांडीवर टाकले, गाजरांच्या सालांत, आणि खाली उतरले. दुसऱ्या वळणावर थांबले, कारण तिथून समुद्र दिसतो. आपल्या बापाचं काय जातंय अशा थाटात तो पसरला होता. मी थुंकले आणि पुढे गेले.

वर्गात परात मांडून झाली होती. चटईवर मुलं गोल बसलेली. तिझिरी बाईंनी माझे तीनही चमचे कडेला नीट खोचून ठेवले होते. मोठ्या बाईंची नजर चुकवून, बिचारीनं. त्या तिन्हींसमोर जागा मोकळी सोडलेली. पोरं आधीच खायला लागली होती, हनुवट्यांवर रस्सा.

“या मावशी,” तिझिरी बाई म्हणाल्या, “तुमचीच वाट बघत होतो. मुलांनो, मावशींच्या घरी किती?”

“तीन,” पोरं ओरडली. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या की वर्दियाबाईंच्या घरी दोनच राहतात, मुलांना चुकीचं शिकवू नका.

“दोन,” मी म्हणाले. “बाई बरोबर बोलतायत. सकाळी मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. माझा मुलगा बुडाला. दिहियाचा बापही बुडाला. दोघं एकमेकांना बांधून घेऊन बुडाले. काल-परवा नाही, चार वर्षांपूर्वी, आणि कुणी शोधायला गेलं नाही. लिहा फळ्यावर. उपक्रम आहे ना?”

मुलांसमोर काय हे, मोठ्या बाई पुटपुटल्या. मुलांनी नुसतं माझ्याकडे बघितलं, तोंडात घास तसाच. दिहियाला रडू आलं नव्हतं. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, कुणीतरी एकदाचं मोठ्यानं म्हणालं म्हणून.

मी खाली बसले आणि तिसरा चमचा काढायला हात घातला. तेव्हा दिसलं. माझ्या नि अकलीच्या चमच्यांपुढे कुसकुस जसंच्या तसं, तिझिरी बाईंनी चोपून बसवलेलं. मोक्रानच्या चमच्यापुढे मात्र खोल खळगा. बोट-बोट कोरून खाल्ल्यासारखा, तळाचं लाकूड दिसेपर्यंत. मोक्रान असंच खायचा. एकाच जागी, खाली खाली.

“इथलं कुणी खाल्लं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तिथे कुणीच बसलं नव्हतं, तिझिरी बाई म्हणाल्या. कुणीतरी हात लांब केला असेल. एकोणीस पोरं, कुणाचा हात कुठे जाईल सांगता येतं का? मी तेच धरून चालले. अजूनही तेच धरून चालते.

मी चमचा उपटला. खळगा बुजला नाही.

दुपारी मुलं गेल्यावर मी मोरीवर चमचे धुतले, पुसले, जुड्या बांधल्या. मोक्रानचा धुतलाच नाही, तो एप्रनच्या खिशात होता. संध्याकाळी अकलीला सांगायचं होतं आणि परातीत दोनच खोचायचे होते. निघताना खिशात हात घातला. चमचा कुणी तोंडात घातला नव्हता, रश्श्यात नुसतं टोक गेलं होतं. पण दांडा ओला होता, मूठ येते तिथेच. मी एप्रनला पुसला. शाळेच्या फाटकाशी पुन्हा हात लावला.

पुन्हा ओला होता. बोट जिभेला लावलं. खारट.